एलूलमधले आम्ही दहाजण

सलीहोतला, आमच्या पहाटेच्या क्षमाप्रार्थनेला, दहा पुरुष लागतात. नऊ जमले तरी प्रार्थना म्हणता येते, पण तिचा गाभाच गाळावा लागतो. देवाचे तेरा गुण सांगणारा भाग नाही, कद्दीश ही देवस्तुती नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण त्याचा माझ्या झोपेशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं. जमेल तेव्हा शब्बाथला, म्हणजे शनिवारी, जायचं, नव्या सणाला आणि दारफाळणीच्या सणाला न चुकता जायचं आणि उरलेलं देवाने समजून घ्यायचं, असा आमचा दोघांचा जुना करार होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली ठरले. ज्या गावात राहिले त्या गावाला 'कर' जोडून आडनाव घेतलं. नवा सण म्हणजे रोश हशाना, आमचं नवीन वर्ष. दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर. त्या दिवशी जुने लोक पांढरे कपडे घालून दार लावून घरात बसत आणि बाहेरच्या कुणाचा स्पर्शही होऊ देत नसत. नव्या सणाच्या आधीचा महिना एलूल. माझी आजी त्याला सरळ रमजान म्हणायची, कारण तिच्या लहानपणी कोकणातली आमची माणसं या महिन्यात रोजे धरत. शेजारी मुसलमान, शब्द त्यांचा, उपास आमचे. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

आता ठाण्यात रोजे कुणी धरत नाही, पण पहाटेची सलीहोत टिकून आहे. एलूल लागला की योम किप्पूरपर्यंत, शब्बाथ आणि नव्या सणाचे दिवस सोडून, रोज उजाडायच्या आत ही क्षमेची प्रार्थना म्हणायची. मूसा दहा आज्ञांच्या पाट्यांची दुसरी जोडी आणायला एलूलच्या पहिल्या तारखेला पुन्हा डोंगरावर चढला आणि चाळीस दिवसांनी माफी घेऊन उतरला, तेच हे चाळीस दिवस.

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस आमच्या प्रार्थनास्थळाची, सिनेगॉगची, देखभाल करणाऱ्या शमाशकाकांचा फोन आला. "तू टेंभी नाक्यापासून चालत येण्यासारखा आहेस. बाकीचे घोडबंदरला राहायला गेले. पहाटे पाचला रिक्षा मिळत नाही म्हणतात." पुढे विनंती नव्हती, वेळ होती. आमचं शार हाशमाइम सिनेगॉग १८७९ चं, टेंभी नाक्यावर सिव्हिल हॉस्पिटलच्या समोर. शब्बाथला तिथे माणसं कमी पडत नाहीत. आडवारी पहाटे मात्र दहाची मोजणी करताना शमाशकाका दाराकडे बघत उभे राहतात. माणसं बोटाने मोजायची नाहीत असा आमच्यात नेम आहे, म्हणून ते दहा शब्दांचं एक वचन पुटपुटतात आणि प्रत्येक शब्दाला एकेक चेहरा लावत जातात. शेवटचा शब्द बऱ्याचदा लोंबकळत राहायचा. तो माझ्यावर येऊन पडायला लागला.

भक्तीने गेलो असं म्हणणार नाही. मी नाही गेलो तर नऊ म्हातारे नुसते बसून राहतील एवढ्याच कारणाने गेलो. आता वाटतं, हेच कारण चांगलं होतं. भक्तीवर सोडलं असतं तर दुसऱ्या आठवड्यात मी गादीत सापडलो असतो.

शिवाय एलूल लागला तो गणपतीच्या तोंडावर. दोन दिवसांचा रोश होदेश, म्हणजे महिन्याची सुरुवात, २४ आणि २५ ऑगस्टला, मंगळवारी पहिली सलीहोत आणि बुधवारी गणेश चतुर्थी. आमच्या सोसायटीत रात्री साडेअकरापर्यंत हौशी गायकांचा कार्यक्रम आणि साडेचारला माझा गजर. सुरुवातीचे दिवस सिनेगॉगमध्ये बसून मी फक्त जागा राहत होतो. पंखा फिरतोय, प्रार्थना चालवणारे हझानसाहेब तेव्यावर, म्हणजे चौथऱ्यावर, उभे, बाकांना पावसाचा दमट वास आणि वर ते शब्द: बेन आदाम, मा लेखा निरदाम. माणसा, झोपलास काय? ऊठ आणि विनवणी कर. बाबांच्या जुन्या पुस्तकात समोरच्या पानावर मराठी आहे म्हणून कळलं, नाहीतर इतकी वर्षं हे आपल्यालाच विचारतायत हे लक्षात आलं नसतं.

सलीहोतचं एक वैशिष्ट्य असं की ती रडकी नाही. विषय पापांचा, पण 'अदोन हसलीहोत'ची चाल अशी की पाय ठेका धरतो. शोफार वाजतो तो तेरा गुणांच्या वेळी. एडक्याचं वाकडं शिंग, त्यात फुंकणारा आमच्याकडचा माणूस पोस्टातून निवृत्त झालेला आणि दम्याचा पंप खिशात. पहिला आवाज बहुधा फुसका निघायचा. दुसरा असा यायचा की समोरच्या हॉस्पिटलच्या फाटकावरची कुत्री भुंकायला लागायची.

मग विद्दूई, पापांची कबुली. उभं राहायचं आणि इब्री, म्हणजे हिब्रू, मुळाक्षरांच्या क्रमाने एकेका शब्दाला छातीवर हलकी मूठ मारायची. अशाम्नू, बागदनू, गाझालनू. आम्ही अपराध केला, आम्ही दगा दिला, आम्ही लुबाडलं. सगळं अनेकवचनात. तुम्ही लुबाडलं नसलं तरी म्हणायचं, कारण शेजारच्याने लुबाडलं असेल तर त्याला ते एकट्याने म्हणावं लागू नये. ही सोय मला आवडली होती. तिसऱ्या शब्दाला मात्र माझी मूठ अडायला लागली, आणि त्याला कारण अशदोदहून आलेला एक फोन होता.

माझा चुलतभाऊ तिथे असतो. काका सत्तरच्या दशकात सहकुटुंब इस्राएलला गेले. अलिबागजवळ आमचं घर आणि नारळाची थोडी वाडी होती, काका आणि बाबा दोघांच्या नावावर. काका वारल्यावर हा नव्वदच्या दशकात इकडे आला, बाबांनी विश्वासाने केलेल्या सह्यांवर घर-वाडी विकली आणि परत गेला. बाबांचा वाटा 'पाठवतो' म्हणाला. बाबांनी वाट पाहिली, मग पाहायची सोडली. आरडाओरडा केला नाही. फक्त त्यानंतर त्याचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. बाबांना जाऊनही बरीच वर्षं झाली.

आणि आता हा व्हिडिओवर. पांढरी दाढी, डोक्यावर किप्पा टोपी, मराठी अजून रायगडचीच. "दादा, एलूल चालू आहे. आमच्याकडून झालं ते झालं. तुझी माफी मागायची आहे."

मी "बघू" म्हणून फोन ठेवला.

इथे कायदा सांगायला हवा, कारण आमच्याकडे माफी ही मनाची लहर नाही. देवाविरुद्धचं पाप योम किप्पूर धुतो. माणसाविरुद्धचं पाप, त्या माणसाला राजी केल्याशिवाय, योम किप्पूरही धूत नाही, असं मिश्ना या आमच्या जुन्या धर्मशास्त्रात स्पष्ट आहे. रांबाम, म्हणजे मैमोनिदेस या धर्मपंडिताने बाराव्या शतकात त्याची रीतच लावून दिली: आधी नुकसान भरायचं, मग माफी मागायची. तो देत नसेल तर तीन माणसं घेऊन जायचं, पुन्हा जायचं, तिसऱ्यांदा जायचं. तरीही नाही म्हणाला तर सोडून द्यायचं, आता दोष त्याचा. म्हणजे एलूल फक्त चूक करणाऱ्याला पकडत नाही. मी सज्जन, नाडलेला, बिनदोष माणूस. तीन फोनांनंतर मीच आरोपी होणार होतो. याचा मला मनापासून राग आला. मागणाऱ्याचं काय जातं? तोंड उघडलं की झालं. ज्याला द्यायची त्याने इतकी वर्षं जपलेली वस्तू हातातून सोडायची.

दुसऱ्या फोनच्या आधी बँकेत पैसे आले. बाबांचा वाटा, त्या वेळच्या विक्रीच्या भावाने, रुपयाला रुपया. आज तेवढ्यात त्या वाडीतली नारळाची दोन झाडंही मिळणार नाहीत. बायको म्हणाली, "त्याने हिशेब चुकवला नाही, वर्षं चुकवली." मी हझानसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "व्याजाचं माझ्याकडे काढू नकोस. बाबांचं काय करणार ते बोल. तू तुझी माफी देशील, त्यांची तू कशी देणार?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मधल्या काळात चंद्र. आमचा प्रत्येक महिना अमावास्येनंतर सुरू होतो आणि चंद्र वाढत असताना एकदा उघड्यावर उभं राहून त्याच्याकडे बघत आशीर्वाद म्हणायचा असतो, शक्यतो शब्बाथ उतरल्यावर शनिवारी रात्री. पहिल्या शनिवारी ढग. पुढचा शनिवार ६ सप्टेंबरचा, म्हणजे अनंत चतुर्दशी, आणि त्यानंतर मुदत संपणार. आम्ही अंगणात मान वर करून उभे. बाहेर रस्त्यावर ढोल, ताशे, गुलाल, 'पुढच्या वर्षी लवकर या'. ढगाला फट पडली आणि जवळजवळ भरलेला चंद्र दिसला. शमाशकाका ओरडले, "आत्ता! आत्ता!" या प्रार्थनेत चंद्राकडे तोंड करून टाचा उचलत तीनदा उडी मारायची असते: मी तुझ्याकडे झेपावतो पण तुला शिवू शकत नाही, तसे माझे शत्रू मला शिवू न शकोत. साठीच्या पुढची माणसं ढोलाच्या तालावर उड्या मारतायत, हे फाटकातून पाहिलेल्या दोन पोरांना आम्हीही मिरवणुकीतलेच वाटलो असणार. मग जवळच्या तिघांना 'शलोम अलेखेम', तुमच्यावर शांती असो, म्हणायचं, तेही ओरडूनच म्हटलं, ऐकूच येत नव्हतं. दुसऱ्या रात्री त्याच चंद्राला खग्रास ग्रहण लागलं. शेजारच्या वहिनींनी पाण्यावर तुळशीपत्र ठेवलं, आमची सलीहोत पहाटे वेळेवर झाली.

पूर्वी हे सगळं डोळ्यांनी ठरायचं. ज्याला कोर दिसली तो यरुशलेमला धावायचा. तिथे बेथ याझेक नावाच्या अंगणात साक्षीदार जमत, त्यांना जेवण घालत म्हणजे पुढच्या वेळी उत्साहाने यावेत, आणि उलटतपासणी होई: कोर कुठल्या बाजूला होती, किती उंच? साक्ष पटली की न्यायसभा महिना लागल्याचं जाहीर करी आणि डोंगराडोंगरांवर मशाली पेटत. परंपरा सांगते, चौथ्या शतकात हिल्लेल दुसरा याने गणित पक्कं केलं आणि साक्षीदारांचं जेवण बंद झालं. आता अमावास्येपासून अमावास्येपर्यंत २९ दिवस, १२ तास आणि तासाच्या १०८० भागांपैकी ७९३ भाग, आणि १९ वर्षांत सात वेळा जादा अदार महिना. पंचांगातला अधिक मास जे काम करतो तेच काम, फक्त आमचा जादा महिना नेहमी वर्षात एकाच जागी येतो.

माझ्या बाबांची कबर ठाण्यातच आहे. हझानसाहेबांनी सांगितलेली रीत अशी: ज्याचा अपराध केला तो वारला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि त्यांच्यासमोर म्हणायचं, मी इस्राएलच्या देवाचा आणि या माणसाचा अपराधी आहे. अपराधी लांब असेल तर त्याने कुणाला तरी आपल्या वतीने पाठवावं. अशदोदहून तिसरा फोन आला तेव्हा मी हे त्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, पोस्टातले अंकल आहेत ना? त्यांना सांग माझ्या वतीने. ते बाबांचे मित्र."

रविवारी सलीहोत आटोपून आम्ही तसेच निघालो, तेच दहाजण, दोन रिक्षा आणि एक मोटार. पावसाळ्यानंतरचं कब्रस्तान म्हणजे गुडघाभर गवत. बाबांच्या दगडावर वर इब्री आणि खाली मराठी अक्षरं आहेत, मराठी शेवाळाने भरली होती. मी नारळाच्या काथ्याने घासत होतो आणि जन्मतारखेतला चार उघडा पडेपर्यंत सगळे थांबले. पोस्टातले अंकल पुढे झाले, भावाचं नाव त्याच्या आईच्या नावासकट घेतलं आणि म्हणाले. आधी इब्रीत. मग त्यांना राहवलं नाही बहुतेक, कारण पुढचं कुठल्याच पुस्तकात नाही: "पैसे आलेत बरं का. उशिरा आले, पण आले. पोरगा म्हातारा झालाय." बाकीच्या आम्ही रीतीप्रमाणे तीनदा 'माफ आहे' म्हटलं. मीही म्हटलं. माझ्या तोंडून ते बाबांच्या वतीने निघालं, की माझ्या, की नुसतं नऊजणांच्या आवाजात मिसळून गेलं, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं, आणि खरं तर अजूनही नीट सांगता येत नाही. हात धुतले, कोपऱ्यावर चहा प्यायलो, कुणी विषय काढला नाही. अंकलनी पंप ओढला आणि साखर जास्त झाल्याची तक्रार केली.

घरी आलो तर हलव्याचा धबडगा. नव्या सणाला आमच्याकडे चिकाचा हलवा लागतोच. गहू भिजवायचे, वाटायचे, फडक्यातून पिळून चीक काढायचा, तो निवळला की वरचं पाणी ओतून टाकायचं. दूध घालायचं तर मटणाच्या जेवणाबरोबर चालत नाही, म्हणून नारळाचं दूध, आणि त्यासाठी विळीवर नारळांचा ढीग. साखर घालून मंद आचेवर ठेवलं की हात थांबवायचा नाही. पहिला तासभर ते पातळच असतं आणि आपण उगाच ढवळतोय असं वाटतं. मग अचानक सराटा जड होतो, गोळा कडा सोडायला लागतो, फुटून गरम थेंब मनगटावर उडतात. तिथून पुढे बायकांनी काम पुरुषांकडे द्यायचं, ही आमच्या घरातली पद्धत. गुलाबी रंग घातला, ताटांना तेलाचा हात लावला, थापला, वर बदामाचे काप. मुलीने विचारलं, कॉर्नफ्लॉवर आणि चायना ग्रास घालून अर्ध्या तासात होतो, मग एवढं कशाला? बायको म्हणाली, "करून बघ, आणि तुझ्या आत्यांना दे खायला."

२२ सप्टेंबरच्या सकाळी नवसफेड, म्हणजे वर्षभरात तोंडून गेलेल्या आणि न पाळलेल्या नवस-शपथांतून मोकळं होणं. धर्मगुरू लागत नाही. आमच्याकडे शतकानुशतकं धर्मगुरू नव्हतेच. कुठलेही तीन जण बाकावर बसले की ते न्यायाधीश. त्या सकाळी तिघांत मला बसवलं. समोर एकेक जण उभा राहून विनंती वाचतो आणि आपण तिघांनी तीनदा म्हणायचं: सगळं सुटलं, सगळं माफ, सगळं मोकळं. शमाशकाका आले, सुटले. अंकल आले, सुटले. मग जागा बदलून मी उभा राहिलो. 'त्याच्याशी पुन्हा बोलणार नाही' असं मी बाबा गेले त्या आठवड्यात मोठ्याने म्हटलं होतं, ते त्यात आलं की नाही हे हझानसाहेबांना विचारायचं राहून गेलं. दुपारी भावाला फोन केला. माफीचं बोललो नाही. हलवा कसा झाला ते सांगितलं, तो म्हणाला तिकडे चीक नीट निघत नाही, गहू वेगळा. अर्धा तास आम्ही गव्हावर बोललो.

येणारा महिना आधीच्या शब्बाथला सिनेगॉगमध्ये पुकारतात. फक्त तिश्री, नव्या सणाने सुरू होणारा महिना, पुकारत नाहीत. सैतानाला तारीख कळू नये म्हणून, असं सांगतात. नव्या सणाची तारीख अख्ख्या जगाच्या कॅलेंडरवर छापलेली असताना बिचाऱ्या सैतानाला ती कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही. पण तारीख लपवायची म्हटलं तर यंदा टेंभी नाक्यावर खरोखरच लपली असती, कारण त्याच दिवशी घटस्थापना होती. आम्ही पांढऱ्या कपड्यांत नव्या वर्षाच्या प्रार्थनेला निघालो आणि नाक्याच्या देवीची गर्दी समोरून येत होती. हवालदाराने आमच्यासाठी दोरी वर उचलली. आत हेखालचा, म्हणजे धर्मग्रंथ ठेवायच्या कपाटाचा, पडदा पांढरा, आतल्या तोरा ग्रंथाच्या गुंडाळ्यांची वस्त्रं पांढरी. बाहेर सनई. घरी येऊन काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दूश, म्हणजे सणाचा आशीर्वाद, सफरचंद मधात, खजूर, डाळिंब, भोपळा, चवळी आणि ताटात माशाचं डोकं, वर्षभर डोक्याच्या बाजूला राहावं, शेपटीच्या नव्हे, म्हणून.

योम किप्पूर २ ऑक्टोबरला आला, दसऱ्याच्याच दिवशी. त्याबद्दल फार लिहीत नाही. तो दिवस मला नेहमीच जमतो, कारण भरलेल्या सिनेगॉगमध्ये उपास करणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी शिळा सण, म्हणजे एकमेकांच्या घरी जायचं, पुऱ्या खायच्या, हातबोशी करायची: दोन्ही हातांनी समोरच्याचे हात हातात घ्यायचे आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. फोनवर हातबोशी होत नाही. भावाने तरी पडद्यावर हात पुढे केला.

तो पुढच्या एलूलला इकडे येतो म्हणतोय. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती पुढे सरकलेत आणि एलूल श्रावणात, १४ ऑगस्टपासून. म्हणजे पहाटेच्या झोपेला ढोलांचा त्रास नाही. पण नवा सण १२ सप्टेंबरला, गणेश चतुर्थी १४ ला आणि योम किप्पूरचा कोरडा उपास २१ ला, भर गणपतीत, मोदकांच्या वासात. त्याला मी हे कळवलं आहे. शिवाय सलीहोतला अकरावा माणूस मिळणार असेल तर मला अधूनमधून एखादी पहाट झोपता येईल का, हेही हझानसाहेबांना विचारून ठेवलं आहे. ते म्हणाले, नाही.